भाड्याचं घर, लिव्ह अँड लायसन्स आणि अनामत रक्कम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न घरमालकांकडून आणि भाड्याने राहणाऱ्यांकडून सतत येत असतात. दोघांचे प्रश्न मुद्दाम एकाच ठिकाणी ठेवले आहेत, कारण करार एकच असतो आणि दोघांनीही तो नीट वाचलेला नसतो. इथली उत्तरं महाराष्ट्रातल्या, राहण्यासाठी दिलेल्या घरांबद्दल आहेत. दुकान-गाळ्यांचा विषय प्रश्न १७ मध्ये थोडक्यात आला आहे.

१. भाडेकरार आणि लिव्ह अँड लायसन्स एकच का?

बोलताना आपण दोन्हीला भाडेकरारच म्हणतो, पण कायद्यात हे दोन वेगळे व्यवहार आहेत. भाडेपट्ट्यात जागेतला हक्क ठरावीक काळासाठी भाडेकरूकडे जातो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०५ मध्ये त्याची व्याख्या आहे. लायसन्समध्ये फक्त जागा वापरण्याची परवानगी मिळते, जागेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. ती व्याख्या भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ५२ मध्ये आहे. आज मुंबई, पुणे, नाशिक, नागपुरात फ्लॅट भाड्याने देताना जो करार होतो, तो बहुतेक वेळा लिव्ह अँड लायसन्सच असतो. पुढे 'भाडं', 'भाडेकरू' हे शब्द सोयीसाठी वापरले आहेत. जिथे फरक महत्त्वाचा आहे, तिथे तसं लिहिलं आहे.

२. ११ महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, असं एजंट म्हणतो. खरं का?

महाराष्ट्रात हे खरं नाही. हा समज नोंदणी कायदा, १९०८ वरून आला. त्या कायद्याने एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची केली आणि त्यावरून ११ महिन्यांची पळवाट रूढ झाली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असला पाहिजे आणि तो नोंदवलाच पाहिजे. मुदत ११ महिने असो वा ३ महिने, सुटका नाही. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे, तरी जुना समज अजून गेलेला नाही.

तेव्हा ११ हा आकडा पवित्र मानू नका. २४ किंवा ३६ महिन्यांचा करार करून दर वर्षाची भाडेवाढ त्यातच लिहून ठेवली, तर दरवर्षी नवा करार, नवी नोंदणी आणि एजंटाची नवी फी टळते.

३. पाचशेच्या स्टँप पेपरवर करार लिहून नोटरी केला आहे. तेवढं पुरेसं आहे ना?

नाही. नोटरी फक्त सह्यांची खातरजमा करते. नोंदणी म्हणजे दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवणं आणि नोटरीचा शिक्का त्याची जागा घेऊ शकत नाही.

नोंदणीची जबाबदारी कलम ५५ ने घरमालकावर टाकली आहे. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगितली आहे. मालकाला त्याहून जास्त महागात पडणारी गोष्ट त्याच कलमात आहे. नोंदवलेला लेखी करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. भाडं १८ हजार ठरलं होतं की १२ हजार, मुदत एक वर्षाची होती की पाच, हे भाडेकरू सांगेल आणि ते खोटं ठरवण्याचं ओझं मालकावर येईल. 'ओळखीतलाच मुलगा आहे, कशाला कागद?' असं म्हणणाऱ्या मालकांनी एवढं एक कलम तरी वाचावं.

४. नोंदणीला एकूण खर्च किती? आणि तो कोणी द्यायचा?

मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. मुदतीतलं सगळं भाडं, त्यात परत न मिळणारी काही रक्कम असेल तर ती आणि परतीच्या अनामत रकमेवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर ते लागतं.

समजा महिना २०,००० रुपये भाडं, मुदत २४ महिने आणि अनामत ६०,००० रुपये. भाडं ४,८०,००० झालं, अनामतीवरचं दोन वर्षांचं व्याज १२,०००. बेरीज ४,९२,०००. तिचे ०.२५ टक्के म्हणजे सुमारे १,२३० रुपये. नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. दस्त हाताळणीचं थोडं शुल्क वेगळं. याच्यावर जे काही मागितलं जातं, ती घरी येऊन काम करून देणाऱ्या एजंटाची फी असते. सरकारी पावतीवर किती आणि तुमचे किती, हे त्याला आधी विचारून घ्या.

०.२५ टक्क्यांचा हा दर ६० महिन्यांपर्यंतच्या लायसन्सला आहे. त्यापुढे भाडेपट्ट्याचे चढे दर लागतात. खर्च कोणी करायचा ते आपसात ठरवायचं. निम्मा-निम्मा करण्याची पद्धत बरीच रूढ आहे. मात्र पैसे कोणीही दिले तरी कायदेशीर जबाबदारी मालकाचीच राहते (प्रश्न ३).

५. ऑनलाइन नोंदणीत आईचा अंगठा उमटतच नाही. काय करायचं?

ऑनलाइन नोंदणीत मालक, भाडेकरू आणि साक्षीदार यांची ओळख आधारवरून पटवली जाते. ठसा-यंत्रावर बोट ठेवायचं, वेबकॅमने फोटो काढायचा. वयस्कर माणसांची, आयुष्यभर धुणंभांडी केलेल्या बायकांची बोटं गुळगुळीत झालेली असतात आणि यंत्र पुन्हा पुन्हा 'जुळत नाही' म्हणतं. आधी दहाही बोटं एकेक करून पाहा, अंगठाच लागतो असं नाही. हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे केले तरी पुष्कळदा काम होतं. तरीही जमलं नाही तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्या, किंवा सरळ दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन प्रत्यक्ष नोंदणी करा. ती वाट बंद झालेली नाही.

नोंदणी झाल्यावर पूर्ण दस्त आणि इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सारांश) या दोन्हींच्या प्रती दोघांनीही उतरवून ठेवा. गॅस जोडणी, शाळाप्रवेश, पासपोर्ट अशा कामांना त्या लागतात.

६. पोलिसांना कळवणं आवश्यक आहे का? करार नोंदवला तरी?

हो, करार नोंदवला म्हणजे पोलिसांना कळवलं असं होत नाही. अनेक शहरांत पोलिस आयुक्त वेळोवेळी आदेश काढून भाडेकरूची माहिती देणं बंधनकारक करतात. तो मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली मालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. माहिती महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर घरबसल्या भरता येते. पोच जपून ठेवा, सोसायटी ती मागते.

७. सोसायटी ना-हरकत दाखल्याशिवाय भाडेकरूला आत येऊ देत नाही. शिवाय महिन्याला मनमानी रक्कम लावली आहे. हे कायदेशीर आहे का?

सोसायटीला कळवणं आणि कराराची व पोलिसांच्या पोचेची प्रत देणं हे मालकाचं कर्तव्य आहे. त्यासाठी सोसायटीची परवानगी मागावी लागत नाही.

रकमेचं म्हणाल तर सहकारी गृहनिर्माण संस्थेला बिगरभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. राज्य सरकारने १ ऑगस्ट २००१ ला सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली तसा आदेश काढला आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. हे १० टक्के पूर्ण मेंटेनन्स बिलावर लावायचे नसतात. महापालिकेचे कर वगळून जे सेवाशुल्क उरतं, त्यावरच ते मोजायचे. मालकाचे आईवडील, मुलं, भावंडं असे जवळचे नातेवाईक राहत असतील तर हे शुल्क लागतच नाही. जास्तीचं बिल आलं तर लेखी हरकत घ्या. समिती ऐकत नसेल तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करा.

८. नवीन कायद्यानुसार दोनच महिन्यांची अनामत घेता येते, असा मेसेज फिरतोय. मालक सहा महिन्यांची मागतो.

तो मेसेज केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याबद्दल आहे. राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकी मर्यादा त्यात आहे खरी, पण तो राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे. राज्याने स्वतः कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. महाराष्ट्रातल्या करारांना १९९९ चा कायदा लागतो आणि त्यात लायसन्सच्या अनामतीला कमाल मर्यादा नाही. म्हणजे हा घासाघिशीचा मामला आहे. देणार असाल ती पूर्ण रक्कम करारात लिहून घ्या आणि बँकेतूनच द्या. 'थोडी कॅश, थोडी चेकने' हे ऐकू नका. कॅशने दिलेली रक्कम परत मागताना हातात पुरावा उरत नाही.

९. घर सोडताना मालकाने रंगकाम, साफसफाई म्हणून अनामतीतून २५ हजार कापले. कापता येतात का?

सर्वांत जास्त तक्रारी याच्या येतात आणि बहुतेकींचं मूळ चावी घेण्याच्या दिवशी असतं.

करारात काय लिहिलं आहे ते आधी पाहा. 'सोडताना एक महिन्याचं भाडं रंगकामापोटी कापलं जाईल' असं कलम असेल आणि तुम्ही सही केली असेल, तर ते नाकारणं अवघड आहे. असं कलम नसेल तर मालकाला थकलेलं भाडं, थकलेली बिलं आणि प्रत्यक्ष केलेलं नुकसान एवढंच वळतं करता येतं. वापराने होणारी सर्वसाधारण झीज नुकसानीत येत नाही. दोन वर्षांत भिंतीचा रंग फिका पडला, नळाचा वॉशर गेला, सोफ्यामागे भिंत काळवंडली, ही झीज. बेसिन फुटलं, दाराला भोकं पाडली, ओट्याचा ग्रॅनाइट तडकला, हे नुकसान. नुकसानीसाठी कापलेल्या प्रत्येक रकमेचं बिल मागा.

आता चावी घेण्याच्या दिवसाबद्दल. सामान आत येण्याआधी रिकाम्या घराचा एक सलग व्हिडिओ काढा. मुख्य दरवाजाच्या कुलपापासून सुरू करा. प्रत्येक खोलीचं छत आणि चारी भिंती, खिडक्यांच्या काचा, संडास-बाथरूमच्या फरशा, ओट्याखालची ओल, गीझर चालू करून गरम पाणी, शेवटी वीजमीटरचा आकडा. पंखे, ट्यूबलाइट, कपाटं, चाव्यांची संख्या यांची यादी कराराला परिशिष्ट म्हणून जोडा. व्हिडिओ त्याच दिवशी मालकाला पाठवा आणि 'आजची घराची स्थिती' एवढे तीन शब्द सोबत लिहा. सोडताना हेच पुन्हा करा. मालकांनीही हे करावं, कारण खरंच नुकसान झालेलं असेल तेव्हा हाच व्हिडिओ त्यांच्या बाजूने बोलतो.

करारात हे एक वाक्य आग्रहाने घालून घ्या: 'घराचा रिकामा ताबा परत देतानाच, त्याच दिवशी, अनामत रक्कम ठरलेल्या वजावटी करून परत दिली जाईल.' 'सोडल्यानंतर परत दिली जाईल' अशी मोघम भाषा नको.

१०. मालक अनामत परतच देत नाही. फोनही उचलत नाही. कुठे जाऊ? ग्राहक आयोगात?

ग्राहक आयोगात बहुधा नाही. नुसती जागा वापरायला देणं ही साधारणपणे ग्राहक कायद्यातली 'सेवा' धरली जात नाही, म्हणून मालक-भाडेकरूतला निव्वळ पैशांचा वाद तिथे टिकणं कठीण असतं. जेवण, साफसफाई, वायफाय अशा सेवा पैसे घेऊन देणाऱ्या पीजी-हॉस्टेलची गोष्ट वेगळी, तिथे सेवेतल्या त्रुटीची तक्रार मांडता येते.

घराच्या बाबतीत आधी ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्टाने लेखी मागणी करा. त्यात रक्कम, ताबा परत दिल्याची तारीख, तुमचा बँक खाते क्रमांक आणि १५ दिवसांची मुदत लिहा. उपयोग झाला नाही तर वकिलाची नोटीस आणि मग दिवाणी दावा. दाव्याची मुदत, रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षे. रक्कम लहान असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व तडजोडीचा अर्ज द्यावा. खर्च नाही आणि समोरचा तारखेला आला तर पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात.

शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं न देता 'अनामतीत वळते करा' म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. मालकाची लेखी संमती असेल तरच करा, नाहीतर थकबाकीदार तुम्ही ठरता.

११. लॉक-इन सहा महिन्यांचा आहे आणि माझी बदली झाली. मालक उरलेलं सगळं भाडं मागतोय.

लॉक-इनचं कलम, म्हणजे ठरावीक काळ घर सोडायचं नाही ही अट, वैध असतं आणि ते मोडलं तर भरपाई द्यावी लागू शकते. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई. तुम्ही एप्रिलमध्ये सोडलेलं घर मालकाने मे महिन्यात दुसऱ्याला दिलं असेल, तर ऑक्टोबरपर्यंतचं भाडं मागणं न्यायालयात टिकणं कठीण. प्रत्यक्षात एक महिन्याचं भाडं आणि नवा भाडेकरू आणून देण्याची तयारी यावर बहुतेक मालक राजी होतात. ठरेल ते लेखी घ्या. करार करतानाच 'बदलीचा आदेश दाखवल्यास लॉक-इन लागू नाही' अशी ओळ घालता येते. नोकरदारांनी ती जरूर मागावी.

१२. मुदत शिल्लक असताना मालक घर सोडायला सांगतो आणि पाणी-वीज तोडण्याची धमकी देतो.

करारात मालकालाही नोटीस देऊन करार संपवण्याचा हक्क असेल तर त्या नोटिशीपुरता वेळ तुम्हाला मिळतोच. तसा हक्क नसेल तर करार मध्येच मोडल्याची भरपाई मागता येते.

कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं, मीटर काढून नेणं हे मात्र मुदत संपलेली असली तरीही मालकाने स्वतः करायचं नाही. भाडेकरूच्या अत्यावश्यक सेवा तोडायला १९९९ च्या कायद्याचं कलम २९ मनाई करतं. लायसन्सवर राहणाऱ्यानेही असा प्रकार घडताच पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि न्यायालयातून मनाई हुकूम मागावा. कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढून घेतला तर विनिर्दिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ६ खाली ताबा परत मागता येतो, पण दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. दिवस घालवू नका.

१३. मुदत संपली, भाडेकरू निघत नाही. कोर्टात वीस वर्षं जातील का?

राहत्या घराचा नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार असेल तर नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) थेट अर्ज करता येतो. या कार्यवाहीत लेखी लायसन्स करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत भाडेकरूला प्रतिज्ञापत्र करून 'मला लढू द्या' अशी परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही किंवा मिळाली नाही, तर ताब्याचा आदेश होतो. मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते.

आपल्या मागे हे कलम आहे हे माहीत नसल्याने अनेक मालक घर वर्षानुवर्षं रिकामं ठेवतात आणि मुंबई-पुण्यात गरजू माणूस घर शोधत फिरतो.

१४. एकाच भाडेकरूला बारा वर्षं ठेवलं तर घर त्याचं होतं का?

नाही. बारा वर्षांचा नियम मालकाच्या हक्काविरुद्ध, उघडपणे ठेवलेल्या ताब्याचा आहे. तुमच्या परवानगीने राहणारा, भाडं देणारा माणूस कितीही वर्षं राहिला तरी त्याचा ताबा तुमच्याच वतीने असतो.

या भीतीला मुंबईत एक खरं कारण होतं. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लोक चालू लायसन्सवर जागेत राहत होते, त्यांना १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यातल्या दुरुस्तीने भाडेकरूचं संरक्षण मिळालं. असंख्य मालकांच्या जागा त्यात अडकल्या आणि ती आठवण घराघरांत पुढे गेली. आजच्या नोंदवलेल्या लायसन्सला ती तरतूद लागत नाही. पागडीचे जुने भाडेकरू हा पूर्ण वेगळा वर्ग आहे. वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मर्यादा त्यांच्यासारख्या संरक्षित भाडेकरूंसाठी आहे, लायसन्ससाठी नाही.

१५. करार मार्चमध्ये संपला, आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर 'कंटिन्यू' म्हटलं आणि भाडं चालू आहे. चालतं ना?

दोघांनाही धोका आहे. नव्या काळासाठी नोंदवलेला करार नाही, म्हणजे प्रश्न ३ मधली परिस्थिती आली. मुदतीनंतर भाडं घेत राहिल्यावर 'मी निघायला सांगितलं होतं' हे सिद्ध करणंही मालकाला जड जातं. संपण्याच्या महिनाभर आधी नवा करार नोंदवा. पोलिसांना आणि सोसायटीलाही नवी प्रत द्या.

१६. मधेच मालकाने फ्लॅट विकला. किंवा मालक वारले. आमचं काय?

सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे, जागा विकल्यावर नवा मालक जुन्या लायसन्सला आपोआप बांधील नसतो. म्हणून विक्रीचं कळताच जुना मालक, नवा मालक आणि तुम्ही मिळून लेखी ठरवा की अनामत कोणाकडे गेली, आणि नव्या मालकाशी नवा करार नोंदवा. नुसत्या 'ते देतील' या शब्दावर राहू नका.

मालक वारले तर वारस त्यांच्या जागी येतात आणि कलम २४ चा अर्जही करू शकतात. वारसांत वाद असेल तर एकाच्या सांगण्यावरून त्याच्या खात्यात भाडं भरू नका. सगळ्यांची सही असलेलं पत्र मागा.

१७. दुकानाचा गाळा लायसन्सवर दिला आहे. हेच नियम?

नोंदणी सक्तीची आहे. पण कलम २४ चा जलद मार्ग फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे. गाळ्यासाठी न्यायालयातच जावं लागतं, मुंबईत लघुवाद न्यायालयात. गाळ्याचा करार वकिलाला दाखवूनच करा.

१८. दलालाने दोन महिन्यांची दलाली घेतली, घर दाखवलं तसं निघालंच नाही. आता नूतनीकरणालाही दलाली मागतो.

दलाली ही पैसे देऊन घेतलेली सेवा आहे, त्यामुळे इथे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही तक्रार चालते, दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षे. पावती किंवा यूपीआयची नोंद आणि जाहिरातीचे फोटो मात्र लागतील.

नूतनीकरणाची दलाली आधी मान्य केली नसेल तर देणं लागत नाही.

१९. मी दुबईत असतो, फ्लॅट ठाण्यात. करार कोण करणार? आणि भाडेकरू म्हणतो कर कापायचा आहे.

विश्वासू माणसाला कुलमुखत्यारपत्र द्या. ते तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून घ्या आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. मुदत चुकली की नोंदणी अडते.

भाडेकरू बरोबर सांगतो. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही असो, ३० टक्के आणि वर उपकर कापून भरण्याची जबाबदारी भाडेकरूची असते. अनेकांना हे नोटीस आल्यावर कळतं. मालक निवासी असेल तर महिना ५०,००० रुपयांहून जास्त भाड्यावरच कर कापायचा, २ टक्के.

२०. करार एकाच्या नावावर आहे, राहतो आम्ही चौघं मित्र. तो नोकरी सोडून गावी चाललाय. आम्ही राहू शकतो का?

करार ज्याच्या नावावर आहे, लायसन्स त्याचंच. तो गेला की तुम्हाला राहण्याचा स्वतंत्र हक्क उरत नाही, आणि कलम २४ च्या कार्यवाहीत सक्षम प्राधिकारी करारात नाव नसलेल्या माणसाचा कोणताही दावा ऐकत नाही. अनामतही कागदोपत्री त्याची, मग तुम्ही चौघांनी समान वाटा दिलेला असला तरी.

तो निघण्याआधी मालकाशी बोला, उरलेल्या तिघांच्या नावाने नवा करार नोंदवा आणि अनामत जुन्या करारातून नव्यात वळती केल्याचा उल्लेख त्यात घाला. जाणाऱ्या मित्राला त्याचा वाटा तुम्ही बँकेतून द्या आणि 'अनामतीतला माझा हिस्सा मिळाला' असं त्याच्याकडून लिहून घ्या. पुढच्या वेळी पहिल्या दिवशीच चौघांची नावं करारात घाला. नावं वाढली म्हणून मुद्रांक शुल्क वाढत नाही.